बाहीबाहेरचा हात

मी एक चित्रांचं पुस्तक बोलतोय. पानं बत्तीस, पुठ्ठा जाड, स्वभाव अस्वस्थ. फळीवर उभा असलो की वाटतं, कुणीतरी ओढून काढावं. ओढून काढलं की वाटतं, आता हा हसणार.

त्याला कारण माझ्या मुखपृष्ठावरची मुलगी. तिचा डावा हात मनगटाशीच संपतो. शिवाय आत ती आपल्या आजीशी ज्या बोलीत बोलते, ती तिच्या वर्गात कुणालाच येत नाही. मी तयार होत होतो तेव्हा संपादक चित्रकारबाईंना म्हणाले होते, "बाई, मुखपृष्ठावर तेवढा हात पाठीमागे घेता येईल का? आत असू दे हवा तर."

बाईंनी ब्रश पाण्यात बुचकळला. "मग पुस्तक काढताय कशाला?"

हात पुढेच राहिला.

मी एका शाळेच्या वाचनालयात आलो. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्या हाताला बॉलपेनने पाच बोटं काढली. निळी, वाकडीतिकडी. चेष्टा म्हणून की दया म्हणून, मला आजही कळलेलं नाही. "कार्टी मेली!" असं पुटपुटत ग्रंथपालबाईंनी मला सगळ्यात खालच्या फळीवर सरकवलं. तिथे दीड वर्ष मी नुसते बूट आणि चपला पाहिल्या.

मग एक दिवस एक मुलगी माझ्यासमोर उकिडवी बसली. घरी तिला चिमणी म्हणतात. वय नऊ. तिच्या फ्रॉकची उजवी बाही आखूड आणि डावी मात्र लांबलचक, खाली रिकामी लोंबणारी. तिनं मला मांडीवर घेतलं, खोडरबर काढलं आणि ती निळी बोटं घासायला लागली. पेनाची शाई खोडरबराचं थोडीच ऐकते! माझाच रंग उडाला. पण पोरगी हटली नाही.

तिनं मला घरी नेलं. तिची आई कपडे शिवायची. पुढच्या खोलीत मशीन, कापडांचे तागे, आणि खिडकीशी आजोबा, आईचे वडील. ते आपल्या घरच्या बोलीत बोलायचे, तेही खणखणीत. गिऱ्हाईक आलं की आई म्हणायची, "बाबा, जरा हळू." मग ती स्वतः धुऊन वाळवल्यासारख्या शुद्ध भाषेत माप घ्यायची. ती लांब बाहीसुद्धा तिनंच शिवलेली.

मला पाहिल्यावर तिचा चेहरा उतरला.

"हे कुणी दिलं तुला?"

"मीच आणलं."

आईनं मला भराभर चाळलं. आजी-नात आपल्या बोलीत बोलतात त्या पानावर ती थांबली. मग मला कपाटात अस्तराच्या कापडांखाली ठेवून दिलं. तीन आठवडे मी तिथे गुदमरत होतो. शाळेतून चिठ्ठी आली: पुस्तक परत करा. मशीनचा आवाज ऐकत मी पडून होतो, आणि तेवढ्यात चिमणीचा आवाज आला.

"आई, तूच लपवलंस ना पुस्तक? माझा हात लपवतेस तसं?"

मशीन थांबलं.

"मला तुझी लाज नाही वाटत गं," आई म्हणाली. "लोक टक लावून बघतात, ते माझ्याच्यानं बघवत नाही."

"आणि आजोबा? कुणी आलं की त्यांना गप्प करतेस. त्यांच्या तोंडाला पण बाही शिवणार का?"

आजोबा आधी मोठ्यानं हसले. मग चष्मा काढून पुसत बसले. आई मशीनवरून उठली. तिनं मला कपाटातून बाहेर काढलं आणि कात्री घेतली.

"कोपरापर्यंत पुरे?"

"अजून वर," चिमणी म्हणाली.

सगळं लगेच सुरळीत झालं असं समजू नका. दुसऱ्या दिवशी ती आखूड बाहीत शाळेत गेली आणि येताना रडत आली. पुढचे दोन दिवस पुन्हा लांब बाहीचाच दुसरा फ्रॉक. माझा जीव टांगणीला लागला होता.

तिसऱ्या दिवशी तिला वाचनालयात पहिलीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवायची होती. तिनं आखूड बाहीचा फ्रॉक घातला, मला काखोटीला मारलं आणि आजोबांना सोबत घेतलं. माझ्यातल्या आजीची वाक्यं आजोबांनी आपल्या बोलीत म्हटली, नेहमीच्या खणखणीत आवाजात. मुलं खिदळली. मागोमाग येऊन दाराशी उभ्या राहिलेल्या आईनं तोंडावर हात धरला.

"हसताय काय? म्हणून दाखवा बरं!" आजोबा म्हणाले. मग काय, एकेकाची जीभ अशी वळेना की विचारू नका.

पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी चिमणीच्या हाताकडे बघत होती. "ताई, दुखतं का?"

"नाही गं. फक्त बटणं लावताना डोकं फिरतं."

"माझं पण फिरतं!"

त्याच मुलीनं मला घरी न्यायचं ठरवलं. न्यायला आलेले तिचे बाबा म्हणाले, "अगं, हे आपल्यासाठी नाहीये. तुला कुठे काय झालंय?"

"मग कुणासाठी आहे?"

बाबांनी मला उलटून मागची बाजू पाहिली. ग्रंथपालबाईंनी शिक्का मारला.

आता मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आहे. माझी शिवण उसवलीय, एक पान निसटायला आलंय. माझं एवढंच मागणं आहे: ज्यांच्या घरी सगळ्यांची दहाच्या दहा बोटं जागेवर आहेत, त्यांनीही मला न्यावं.

मुलगी खेळायला गेलीय. तिचे बाबा मघापासून माझ्याभोवती घुटमळताहेत. इकडेतिकडे पाहून त्यांनी मला उचललंय. पहिलं पान उघडलंय.

थांबू नका हो. उलटा पुढचं.