आवडाबाईंचं व्हय

रेवदंड्याच्या खाडीवर सकाळ अगदी सावकाश उतरली. आधी पाण्यावर फिकट राखाडी, मग ओल्या चिखलावर मंद सोनेरी होत उजेड तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, वाळलेल्या रोपांपाशी येऊन थांबला. प्रत्येक रोपाशेजारच्या काठीवर एकेका परदेशी स्वयंसेवकाचं नाव होतं. रोपं लावून ते सारे आपापल्या देशी परतले होते. तरी त्यांच्या तुकडीचा प्रमुख अल्पेश याला चिखलातून अजून त्यांचं हसणं ऐकू येई. गावातल्या बायका आल्या, तर रोपं पुन्हा लावता येतील, या आशेवर तो उभा होता.

त्यांतल्या आवडाबाई एकट्याच आल्या.

“आत्या, बाकीच्या?”

“कोन येतंय? हितं चिखलात आमी शिवल्या-शिंपल्या वेचायचो. तुज्या रोपांनी पाय ठेवायला जागा ठेवली न्हाय.”

“पण रोपं लावण्याआधीच्या सभेत तुम्ही सगळ्या ‘व्हय’ म्हणाल्या होतात!”

“पाव्हन्यांसमोर न्हाय कशी म्हनू, बाला? व्हय म्हंजे तुजं बोलनं ऐकलं.” त्या हसल्या. “नावं मातर झकास लिवलीस. पल्याड कोर्लईच्या किरिस्तावांच्या थडग्यांवर असतात तशी.”

अल्पेश काठ्यांकडे पाहत राहिला. ही झाडं गावाला कधीच नको होती.