मधल्या दाराची कडी

पगाऱ्यांचं घर म्हणजे एकामागं एक अशा तीन खोल्या, सरळ रेषेत. पुढच्या खोलीत सासूबाई चांगुणाबाई, मधल्या खोलीत मुलगा नवनाथ आणि सून स्नेहल, मागं स्वयंपाकघर. पुढून मागं जायचं तर मधल्या खोलीतूनच जावं लागे. त्यामुळं लग्नाला इतकी वर्षं होऊनही स्नेहलनं आपल्या खोलीला कधी कडी लावली नव्हती. लावली असती तर सासूबाईंना रात्री प्यायला पाणीसुद्धा मिळालं नसतं.

नवनाथ विंचूरच्या वाइन पार्कात सुपरवायझर झाला, स्नेहल जिल्हा परिषदेच्या शाळेत कायम झाली, तेव्हा शेजारच्या मोकळ्या जागेत नवं घर जोडायचं ठरलं. मोठा हॉल, दोन बेडरूम, ऐसपैस किचन. चांगुणाबाईंनी बजावलं, जुनं पाडायचं नाही, मी आहे तिथंच बरी, तुम्ही दोघं जा नव्यात. मग इंदिरानगरच्या आर्किटेक्ट पायल मॅडमनी जुनी मधली खोली आणि नवा हॉल यांच्यामध्ये एक दार काढलं.

स्नेहलचा सगळा जीव त्या दारात अडकला होता. टाइल्स कुठल्याही बसोत, पण त्या दाराची कडी आपल्या बाजूनं हवी. आपलं दार आपण लावायचं, आपण उघडायचं. एवढी साधी गोष्ट, पण घरात बोलायची सोय नव्हती. नवनाथला सांगावं तर तो आईला सांगणार, आणि सासूला कडी लावणारी सून म्हणून साऱ्या वस्तीत डंका पिटला जाणार. म्हणून तिनं शाळेच्या मधल्या सुट्टीत पायलला फोन केला. “कडी आमच्या बाजूनं घ्या. पण मी सांगितलं असं म्हणू नका हं.” पायल हो म्हणाली.

पायल हुशार, कामाला चोख, पण पोटात काही राहील तर शपथ! रविवारी ती आली, जयभीम झाला, चहा झाला, आणि सुताराला सांगायचं म्हणून तिनं सगळ्यांदेखत विचारलं, “स्नेहलताई, तुम्ही फोनवर म्हणालात ती मधल्या दाराची कडी, तुमच्याच बाजूनं ना?”

झालं! धरणी पोटात घेईल तर बरं, असं स्नेहलला झालं. नवनाथ मोबाइलमध्ये असा काही गुंतला, की सारी कंपनी तिथूनच चालत असावी.

“कंची कडी?” चांगुणाबाईंनी विचारलं.

पायलनं हौसेनं समजावून सांगितलं. ज्या बाजूला कडी, त्या बाजूच्या माणसाला दार लावून घेता येतं, पलीकडचा पलीकडंच राहतो. स्नेहल फरशीकडं बघत होती. भांडायची तयारी तिनं मनातल्या मनात केव्हाच केली होती. टोमणे, रडणं, जेवणावर राग काढणं, सगळ्याला तिच्याकडं उत्तरं होती.

चांगुणाबाईंनी कप खाली ठेवला. “मंग दोन्हीकून लाव. तिच्याकून तिला, माझ्याकून मला.”

“आई, राग आला का तुला?” नवनाथनं आता कुठं डोकं वर काढलं.

“राग कशाचा? सून व्हते तवा मीबी मधल्याच खोलीत व्हते. सासू झाले, पुढं आले. तिथं आल्यागेल्याच्या चपला माझ्या उशाशी. तू पहाटं ड्युटीला निघतो, ते माझ्या डोक्यावर लाईट लावून. ही पोरांच्या वह्या तपासती, ती माझ्याच खाटंवर बसून. कोणी इचारतं का? मलाबी लय वाटतं, दार लावावं नि निवांत पडावं.”

पायलनं दोन कड्या लिहून घेतल्या.

स्नेहलला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. हवं ते मिळालं होतं, तेही भांडण न होता. पण तिला वाईटच वाटलं, आणि कशाचं वाईट वाटतंय हे उमगल्यावर आणखी वाटलं. सासूचा आपल्याला जाच होतो हे तिला वर्षानुवर्षं ठाऊक होतं. आपलाही कुणाला होत असेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

“आत्या,” ती सासूबाईंना आत्याच म्हणायची, “मी सकाळी चहा घेऊन आले, आणि तुमची कडी लागलेली असली तर?”

“वाजव की,” चांगुणाबाई म्हणाल्या. “वाटलं तर उघडीन.”