रणगाड्याची तालीम

रणगाडा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. मामाच्या लाँड्रीत कामाला लागला तेव्हा ओल्या चादरींचं गाठोडं, जे दोन माणसांनी मिळून कण्हत उचलायचं, ते यानं एकट्यानं खांद्यावर टाकलं आणि वर विचारलं, कुठे ठेवू. इस्त्रीवाला म्हणाला, "अरे, हा तर रणगाडाच निघाला." झालं. तेव्हापासून घरी, गल्लीत, चर्चमध्ये, जिथे जावं तिथे रणगाडा. आईसुद्धा तशीच हाक मारायला लागली.

पण या रणगाड्यात एक गोम होती. कुणी आवाज चढवला की याचे डोळे भरायचे. घाबरायचा म्हणून नव्हे, राग यायचा म्हणूनही नव्हे. नळाचा वॉशर गेला की कसं, तुम्ही बंद करा नाहीतर उघडा ठेवा, पाणी आपलं गळतच राहतं, तसं. शाळेत मास्तर दुसऱ्याच पोरावर ओरडत असायचे आणि हा मागच्या बाकावर नाक ओढत बसलेला.

आणि अशा पोराला फौजेत जायचं होतं. लहानपणापासून एकच ध्यास. भरतीला गेला तर धावण्यात पास, वजनात पास, छाती मोजणाऱ्याची टेप पुरेना. सोमवारी सकाळी ट्रेनिंगला हजर व्हायचं ठरलं. आईनं नवे बनियन आणले, मामानं बूट आणले. सगळं कसं छान चाललं होतं, आणि गुरुवारी चादरीची घडी घालताना हा मामाला म्हणाला, "मामा, मी नाही जात."

चादरीची घडी दोघांनी घालायची असते. दोन टोकं याच्या हातात, दोन त्याच्या. ताणायची, झटकायची, मग पुढे येऊन टोकाला टोक लावायचं. मामा पुढे आला, टोकं जुळवली आणि तिथेच थांबला. मामा स्वतः जुना फौजी. मिशी पांढरी, पण अजून ताठ.

"का रे? बूट चावतात का?"

"बूट चांगलेत."

"मग?"

मग रणगाड्यानं सगळं सांगितलं. भरतीच्या दिवशी रांगेत उभा असताना सार्जंट ओरडला, नाव सांग, झोपलायस का. बस, धार लागली. सगळी रांग हसली. एक जण म्हणाला, याच्या आईला बोलवा रे कुणीतरी.

"हसू देत. हसल्यानं कुणाचं हाड मोडत नाही."

"ते नाही मामा. मी तेव्हा प्रार्थना करायला गेलो. तर 'हे प्रभू'च्या पुढे काही सुचेचना. एक शब्द नाही. ज्याला साधं ओरडलेलं सोसत नाही, तो तिथे काय दिवे लावणार? देवानं मला तिकडे बोलावलंय असं मला वाटत होतं. माझाच काहीतरी घोळ झालाय."

मामानं मशीनकडे बोट केलं. धुलाईचं मोठं मशीन तेव्हा नेमकं पिळायला लागलं होतं आणि जमीन हादरत होती. "हे रोज तुझ्यावर ओरडतं. तेव्हा रडतोस?"

"मशीन मला गाढव म्हणत नाही."

"म्हणत असेल. तुला त्याची भाषा येत नाही."

रणगाडा हसला, पण टोकं काही त्यानं सोडली नाहीत, आणि मामाला कळलं की पोरगं आतून खरंच खचलंय. "रविवारी उपासना झाली की थांब," मामा म्हणाला. "तुझी तालीम घेतो. त्यानंतरही नाही म्हणालास तर मी तुझ्या आईशी बोलेन."

रविवारी उपासना संपली, मंडळी पांगली. मागे राहिले पाळक, इस्त्रीवाला, नर्सबाई आणि खुर्च्या लावणारी आई. मामानं रणगाड्याला मधल्या वाटेत उभं केलं आणि जाहीर केलं, "याच्यावर ओरडायचंय. एकेकानं या. पाळकसाहेब, तुमचा मान पहिला."

पाळक म्हणजे मुंगीला बाजूला सरक म्हणून विनंती करणारा माणूस. त्यांनी घसा साफ केला, छाती फुगवली आणि म्हणाले, "बाळ, जरा सरळ उभा राहशील का?"

इस्त्रीवाला हसून हसून खाली बसला. त्याची पाळी आली तेव्हा त्याला अर्ध्यातच पुन्हा हसू फुटलं, त्यामुळे तो बाद. मामा मात्र खराखुरा ओरडला, फौजेतला आवाज काढून, आणि रणगाड्याचे डोळे डबडबले.

"मी बघते," नर्सबाई म्हणाल्या.

नर्सबाई म्हणजे दारात गीतांची पुस्तकं वाटणारी म्हातारी. बोटभर उंची, पांढरा अंबाडा, सगळ्यांना 'राजा' आणि 'सोन्या' म्हणणारी. त्यांनी पर्स आईच्या हातात दिली, रणगाड्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, मान वर केली.

"ए. हनुवटी वर. खांदे मागे. हवा खायला आलायस काय इथे?"

खिडकीच्या काचा थरथरल्या. इस्त्रीवाला बसल्या जागी ताठ उभा राहिला. पाळकांनी नकळत हनुवटी वर केली. रणगाड्याला तर कळेना की एवढ्याशा देहात एवढा आवाज ठेवायला जागा कुठली. त्याच्या गालांवरून धार लागली, आणि तो वळला, दाराकडे निघाला.

"कुठे निघालास?" पुन्हा तोच आवाज. "जागेवर ये. डोळे पुसू नकोस. वाहू देत. डोळे ओले आहेत ना? पाय तर कोरडे आहेत?"

रणगाड्यानं खरंच खाली पायांकडे बघितलं. "कोरडे आहेत."

"मग ते का पळतायत?"

तो जागेवर आला. नर्सबाईंनी आवाज खाली आणला. "राजा, मी उभी हयात बाळंतपणाच्या वॉर्डात ओरडले. जोर लाव, श्वास घे, हिंमत सोडू नकोस. एकीनंही माझं ऐकून रडं थांबवलं नाही. आणि रडं थांबत नाही म्हणून एकीचंही काम अडलं नाही. रडता रडताच मोकळ्या झाल्या. तुला कुणी सांगितलं की आधी रडं थांबायला हवं?"

मग पाळक पुढे आले. ओरडणं जमलं नव्हतं, पण बोलणं जमत होतं.

"आपला प्रभू मित्राच्या थडग्याकडे जाताना सगळ्यांदेखत रडला," ते म्हणाले. "आणि तिथे पोचल्यावर त्यानं एवढ्या मोठ्यानं हाक मारली की मेलेला माणूस उठून बाहेर आला. मधे त्यानं तोंड पुसलं, असं काही मला तरी कुठे सापडलेलं नाही."

रणगाडा त्यांच्याकडे बघत राहिला. ही गोष्ट त्यानं लहानपणापासून ऐकली होती. पण रडणं एका रविवारी ऐकलं होतं आणि हाक दुसऱ्या रविवारी. दोन्ही एकाच तोंडाचं, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"आणि माझी प्रार्थना?" त्यानं विचारलं. "'हे प्रभू'च्या पुढे जातच नाही."

"मग कशाला पुढे ढकलतोस? लहानपणी तू रडून 'आई' म्हणालास, तर आई पुढचं वाक्य ऐकायला थांबायची, की उठून यायची?"

"हातातलं टाकून यायचे," आई खुर्च्यांमधून म्हणाली.

"बघ," पाळक म्हणाले.

मामानं टाळी वाजवली. "आता खरी तालीम. ओरडल्यावर गप्प सोसत उभं राहायचं नाही. उत्तर द्यायचं. मनात तुझी दोन शब्दांची हाक, आणि तोंडानं 'हजर'. चला, नर्सबाई."

पहिला 'हजर' उंदरासारखा निघाला. दुसरा बोक्यासारखा. तिसऱ्याला रणगाड्याच्या त्या रुंद छातीतून असा आवाज आला की बाहेरून जाणारा सायकलवाला थांबून आत डोकावला. गाल ओलेच होते. त्याकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं, त्याचं स्वतःचंही नाही.

"मी पण एकदा," आई म्हणाली.

आईनं या पोरावर जन्मात आवाज चढवला नव्हता. काय होतं ते तिला ठाऊक होतं ना. ती समोर आली, पदराशी चाळा केला, मग हात खाली घेतले. "सरळ उभा राहा," ती ओरडली, आणि ओरडतानाच तिचे डोळे वाहायला लागले. "जिथे जाशील तिथे सरळ उभा राहा."

"हजर, आई."

दोघं समोरासमोर तशीच उभी. ना तिनं डोळे पुसले, ना त्यानं. मामा म्हणाला, "बरं, मग मी काय बोलू हिच्याशी?"

"काही नको," रणगाडा म्हणाला. "बुटांना पॉलिश करायचंय."

सोमवारी मामानं त्याला लाँड्रीच्या गाडीतून सोडलं. फाटकाच्या आत नवी पोरं रांगेत, प्रत्येकाच्या पायाशी बॅग. सार्जंट एकेकाचा समाचार घेत रणगाड्यापाशी आला आणि त्याच्या नाकासमोर तोंड नेऊन ओरडला, "एवढा देह कशाला आणलास? जागा अडवायला?"

धार लागली. नळ तो नळच. रणगाड्यानं मनात दोन शब्दांची हाक मारली आणि पाय रोवून उभा राहिला.

"रडतोस?"

"हो, साहेब."

"घरी जायचंय?"

"नाही, साहेब." आवाज समोरच्या इमारतीवर आपटून परत आला. पलीकडे झाडावरचे कावळे उडाले.

सार्जंट पाऊलभर मागे सरकला. त्यानं रणगाड्याचा ओला चेहरा बघितला, मग खाली पाय बघितले. ते हलले नव्हते. "आवाज बरा आहे," तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला आणि पुढे गेला.

पुढचा पोरगा काडीसारखा होता. सार्जंटनं त्याला असा झापला की त्याचा खालचा ओठ थडथड उडायला लागला. सार्जंट पुढे सरकल्यावर रणगाडा मान न वळवता, ओठातल्या ओठात म्हणाला, "वाहू दे रे. पाय कोरडे आहेत ना?"

पोरानं खाली बघितलं. "आहेत."

"मग आपण दोघं इथेच आहोत," रणगाडा म्हणाला, आणि बॅगा उचलायचा हुकूम आला तेव्हा त्यानं आपली एका हातात घेतली आणि त्याची दुसऱ्या.