दाराबाहेरचा दिवा

ऑर्विल लिंडक्विस्टने जन्मभर डलूथच्या शाळेत पोरांना इंग्रजी व्याकरण शिकवलं. सगळ्या कालवाचक क्रियाविशेषणांत त्याला 'लवकरच' या एकाचीच किळस होती. "तारीख नाही, वेळ नाही, बोलणारा मात्र मोकळा!" असं तो वर्गात ओरडायचा. "भूक लागली म्हणून रडणाऱ्या पोराला आई सांगते ना, तो हा शब्द. घाई ऐकणाऱ्याला, घड्याळ बोलणाऱ्याचं."

आता खुब्याचं हाड मोडून तो या शुश्रूषागृहात पडला होता, आणि इथे हाच शब्द सकाळ-संध्याकाळ पथ्याच्या जेवणासारखा वाढला जात होता.

आज दुपारी बैठक होती. त्याला घरी सोडायचं की मागच्या कायमच्या वॉर्डात हलवायचं, ते तिथे ठरणार होतं. घरी जायच्या अटी दोन: अंथरूण ओलं करायचं नाही आणि मदतीशिवाय पलंगावरून उठायचं नाही. मुलगी मार्गिट त्यासाठीच येणार होती, आणि नेमकी आत्ताच त्याला जोरात लघवीला लागली.

त्याने बेल दाबली. दाराबाहेरचा दिवा लागला. पाळीवरची मदतनीस टॅमी आली आणि आधी तिने उशाकडचं बटण दाबून दिवा विझवला. दिवा फार वेळ जळत राहिला तर वरून विचारणा होते, म्हणून इथे सगळ्याजणी तसंच करत.

"काय रे सोन्या?"

"बाथरूमला न्या. आत्ता."

"हो रे राजा, लवकरच येते हं!"

या वयात सोन्या! त्याला शिसारी आली. पुन्हा बेल, पुन्हा दिवा विझला, पुन्हा लवकरच. तिसऱ्या वेळी तर ती हातातला डोनट खातच आली आणि साखर लागलेल्या बोटाने बटण दाबून गेली. बटण चिकट झालं. शेजारच्या पलंगावरच्या हर्शेलने वाट बघणं केव्हाच सोडलं होतं. त्याच्या चादरीचा आंबूस वास खोलीभर होता. त्यालाही एकेकाळी घरी जायचं होतं.

ऑर्विलने दात आवळले, वॉकर ओढला आणि उठला.

पेशंट उठला की वाजणारा गादीखालचा भोंगा किंचाळला. चौघीजणी धावत आल्या, टॅमी सर्वांत पुढे. इतका वेळ हे पाय कुठे होते, कोण जाणे! तोवर तो बाथरूममध्ये पोचला होता. कपडे कोरडे, अंथरूण कोरडं. बाहेर आला तेव्हा त्याची मान ताठ होती.

"न विचारता उठलात," मुख्य नर्स डेनीस म्हणाली. "आता घरी कसं सोडायचं तुम्हाला?"

"तीनदा बेल दाबली मी! विचारा हिला!"

टॅमीने दाराबाहेर बोट दाखवलं. "दिवा तर बंद आहे की, आजोबा." तिची पापणीसुद्धा हलली नाही.

खोटं बोलतानाही आवाज तोच, पाकात घोळलेला. एवढ्यात मार्गिट दारात आली. तिच्या अंगात अजून कोट होता. ऑर्विलला हायसं वाटलं. आपल्या पोरीला तरी आपण खोटं बोलायला शिकवलेलं नाही, ती विचारील यांना.

मार्गिटने वर दिव्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

"काय हे डॅडी," ती थकल्या आवाजात म्हणाली, "एकदा बेल तरी वाजवायची होतीत."