खिंडीतून उतरलेले स्ट्रेचर

मित्रांनो, मी एक जुने स्ट्रेचर आहे. दोन लाकडी दांडे आणि त्यांच्यामध्ये ताणलेले जाड हिरवे कापड, एवढाच माझा देह. सध्या मी बंगळुरूला, महादेवपुऱ्यात, कार्यक्रमांना सामान भाड्याने देणाऱ्या एका गोदामात प्लास्टिकच्या फुलांच्या कमानीला टेकून उभे आहे.

माझा जन्म इथल्याच यशवंतपूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे शिवणकाम करणाऱ्या बाई प्रत्येक स्ट्रेचरवर स्वतः आडव्या होऊन पाहत. “माणूस पडता कामा नये,” एवढेच म्हणत. जगाला माझ्याकडून एवढेच हवे आहे, असे मला तेव्हा वाटले होते.

मग मला सैन्यात धाडले. सोळा हजार फुटांवर एक खिंड होती. तिथे झाड नव्हते, घर नव्हते, प्यायला पाणीही नव्हते. पण जो तिथे बसेल त्याला खालचा एकुलता एक रस्ता दिसे आणि त्यावरची प्रत्येक गाडी त्याच्या तोफेच्या टप्प्यात येई. त्या उघड्याबोडक्या दगडांसाठी दोन्हीकडची माणसे नऊ दिवस मरत होती. माझ्या डाव्या दांड्याचे पुढचे टोक उमाकांतच्या डाव्या खांद्यावर असे. तो बंगळुरूजवळच्या येलहंक्याचा, पिढ्यान्‌पिढ्या कर्नाटकात रुजलेल्या मराठी घरातला. रागावला की त्याच्या बोलण्यात कानडी शब्द येत.

मित्रांनो, पुस्तकातले रक्त लाल असते. माझ्या कापडावर ते काळे पडे, वाळून कडक होई, आणि त्याला असा वास सुटे की उमाकांत तोंडाला फडके बांधून मला घासत असे.

सातव्या दिवशी आम्ही शंभूराज नावाच्या जवानाला न्यायला गेलो. मांडीत गोळी घेऊन तो खेचरांच्या शेवटच्या थांब्यापर्यंत सरपटत आला होता. त्याच्या पुढे खेचरे चढत नसत, म्हणून दारूगोळ्याच्या पेट्या तिथेच रचून ठेवल्या होत्या. आम्ही त्याला उचलणार एवढ्यात वरून हुकूम आला : आधी पेट्या वर न्या.

“मी थांबतो उमाकांत,” शंभूराज म्हणाला. “पण लवकर ये.”

माणसासाठी शिवलेल्या माझ्या कापडावर चार पेट्या चढल्या. जाऊन येईपर्यंत दोन तास गेले. त्या पेट्यांमुळेच खिंड हातात राहिली, असे सगळे म्हणतात. खरेही असेल. आम्ही परतलो तेव्हा शंभूराज गेलेला होता. त्याने कमरेचा पट्टा काढून स्वतःच मांडीला आवळून बांधला होता.

नवव्या दिवशी खिंड पुरती जिंकली. फोटोसाठी मोठे पाहुणे आले. मी फोटोत वाईट दिसेन म्हणून मला खडकामागे सरकवले. रक्ताची मला कधी किळस आली नव्हती. त्या दिवशी माणसांची आली.

पुढे मी निकामी ठरले, लिलावात गेले, आणि फिरत फिरत या गोदामात आले. परवा एका आयटी कंपनीच्या हिरवळीवर ‘खिंड जिंका’ नावाचा खेळ होता. त्यासाठी प्लायवूडची खिंड उभारली होती. पुण्याहून तिथे नोकरीला आलेली भार्गवी सगळी व्यवस्था पाहत होती. शत्रू कोण होणार? म्हणून गेटवरचा रखवालदार, पन्नाशीचा विश्वेश्वर, एप्रिलच्या उन्हात लोकरी कोट घालून प्लायवूडवर उभा केला होता. खालून सगळे त्याला रंगाचे चेंडू मारत होते. माझ्यावर वेदांत नावाचा तरुण टोमॅटो सॉस फासून जखमी म्हणून पडला होता आणि फोन उंच धरून स्वतःचे फोटो काढत होता.

प्रमुख पाहुणा म्हणून उमाकांत आला होता. त्याने मला ओळखले नाही. माझ्यासारखी शेकडो होती. मी मात्र माझ्या ओझ्याने उतरता झालेला त्याचा तो डावा खांदा लगेच ओळखला.

तेवढ्यात विश्वेश्वर वरून कोसळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. “काय भारी ॲक्टिंग!” कोणीतरी ओरडले. उमाकांत खुर्ची लोटून धावला, त्याने विश्वेश्वरच्या कपाळाला हात लावला आणि तो तसाच माझ्याकडे आला.

“ऊठ. स्ट्रेचर दे.”

“सर, एक मिनिट,” वेदांत म्हणाला. “मी उतरलो तर आमच्या टीमचे पॉइंट्स जातील.”

उमाकांतने एक दांडा उचलला. वेदांत गवतावर गडगडला.

“सर, प्लीज,” भार्गवी घाबरून म्हणाली, “ॲम्ब्युलन्सला फोन केलाय. गेटपर्यंत येईलच.”

“आणि हा गेटपर्यंत कसा जाईल? चालत? धरा रे!”

पुढून उमाकांतने उचलले, मागून वेदांतनेच धरले. वाटेत विश्वेश्वर ओकला, माझ्या कापडावर आणि वेदांतच्या मनगटावर. वेदांतचे तोंड वाकडे झाले, पण त्याने दांडे सोडले नाहीत. ॲम्ब्युलन्समध्ये विश्वेश्वरने डोळे उघडले आणि कानडीत विचारले, “खेळ संपला का?” उष्माघात होता. वेळेवर आणले, वाचेल, असे नर्स म्हणाली.

भार्गवी शाल आणि म्हैसुरी पेटा, म्हणजे सत्काराची पगडी, घेऊन मागोमाग आली होती.

“सत्कार?” उमाकांत म्हणाला. “अक्का, रोज तुम्हाला गेट उघडून देणारा माणूस तुम्ही शत्रू केलात. त्याचं नाव तरी ठाऊक आहे?”

भार्गवीने वेदांतकडे पाहिले. वेदांत मनगट पुसू लागला.

“ठेवा ती शाल. माझ्या हाताला वास येतोय, आणि तो मला आज धुवायचा नाही.” रिक्षा थांबवून तो येलहंक्याला निघून गेला.

मला गोदामात परत नेणारा माणूस नाक दाबून म्हणाला, “छी! नीट धुवा हे. शनिवारी परत लागणार आहे.”

मित्रांनो, शनिवार उद्याच आहे. उद्या पुन्हा कोणी सॉस फासून हसत माझ्यावर पडेल आणि वर कोणा गरिबाला शत्रू म्हणून उभे करतील. तुम्हाला कोणी त्या खेळाला बोलावले तर चेंडू उचलण्याआधी वरच्या माणसाचे नाव विचारा. आणि मला रिकामे राहू द्या. खराखुरा माणूस सांगून कोसळत नाही.