भावजींचा गज

आमचे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, आयुष्यभर गजाने व्हायोलिन वाजवत आले आणि त्याच गजाने बँड हाकत आले. लग्नात पाहुणे येण्याआधी रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवणारा हा माणूस पुढे मोठ्या हॉटेलात बँडलीडर झाला, मग त्याच्या नावाच्या तबकड्या निघाल्या. सगळी हलकीफुलकी गाणी, चहा थंड होऊ न देता ऐकता येतील अशी. मोठमोठे उस्ताद नाक मुरडत. भावजी म्हणत, मुरडू देत, नाक त्यांचं आहे.

मी पियानोवाला मेहुणा. दोनेक वर्षांपूर्वी त्यांची लय सुटायला लागली, ते आधी माझ्या लक्षात आलं. जलद गाण्यात ते पळत सुटायचे, संथ गाण्यात रेंगाळायचे, आणि त्यांना याचा पत्ताच नसायचा. सांगायची कुणाची छाती होती? राग कायम नाकावर. शिवाय कळलं असतं तर व्हायोलिन पेटीत गेलं असतं ते कायमचंच. ताईने माझे हात धरले, त्यांना कळू देऊ नकोस म्हणाली. शेवटी ड्रमवाल्याने आणि मी ठरवलं, बँडने गजाकडे बघायचं सोडून वाजवताना तालावर हलणाऱ्या माझ्या खांद्याकडे बघायचं. भावजी लोकांकडे तोंड करून वाजवत, त्यामुळे त्यांच्या पाठीमागे हे खपून गेलं. त्यांचं मागेपुढे होणं लोकांना नजाकत वाटायचं. माझा मात्र रोज संध्याकाळी जीव टांगणीला.

मग हॉटेलने बँड बंद केला. आता आशा होती ती फक्त रेडिओची. अर्धा तास थेट प्रक्षेपणात वाजवून दाखवायचं, पसंत पडलं तर दर आठवड्याचा कार्यक्रम. स्टुडिओत पाऊल टाकलं आणि मी आधी पियानो शोधला. तिथल्या तंत्रज्ञाने पियानो जाड पडद्याआड, पार कोपऱ्यात ढकलला होता. त्याचा आवाज इतरांवर चढतो म्हणे. मी नाना परीने विनवून पाहिलं. तो हसून म्हणाला, पियानो ऐकायचा असतो, बघायचा नसतो.

तालीम सुरू झाली. इथे भावजी बँडकडे तोंड करून उभे, आणि बँडला त्यांच्या गजाखेरीज बघायला काही उरलं नव्हतं. संथ गाण्यात गज रेंगाळला, त्याच्यामागे चेलोवाला रेंगाळला, ड्रमवाला कुणामागे जावं या विचारात काठी उचलून तसाच राहिला. गाणं मधेच कोसळलं. काचेपलीकडे बसलेली ताई उठून उभी राहिली.

"आज एकाचंही माझ्याकडे लक्ष नाही," भावजी कडाडले.

कार्यक्रमाची वेळ होत आली होती. मी गप्प बसलो तर थोड्याच वेळात सगळ्या जगाला कळणार होतं, बोललो तर फक्त त्यांना. मला ताईचा राग आला, त्यांचा आला, माझा स्वतःचाही आला. पडदा बाजूला करून मी बाहेर आलो.

"भावजी, तुमच्याकडे लक्ष आजच आहे. एरवी ते माझ्या खांद्याकडे बघतात."

"कधीपासून?"

"झाली दोन वर्षं."

त्यांनी ड्रमवाल्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. आता पेटी मिटणार, असं मी धरूनच चाललो. ताईला काचेतून ऐकू येत नव्हतं, पण माझा चेहरा दिसत होता. ती मटकन खाली बसली.

भावजींनी तंत्रज्ञाला बोलावून पडदा काढायला लावला. आवाज बिघडेल, तो कुरकुरला. बिघडू दे, भावजी म्हणाले. मग समोरचं आपलं स्टँड त्यांनी स्वतः उचललं आणि बँडच्या रांगेत, चेलोवाल्याच्या शेजारी, माझ्याकडे तोंड करून ठेवलं. चेलोवाल्याने गडबडीने खुर्ची सरकवून जागा दिली. ताई काचेला हात टेकून बघत होती. भावजींनी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं, चष्मा नीट केला, आणि लाल दिवा लागायच्या आत हळूच मला विचारलं, "कोणता खांदा?"