काशीला न गेलेला तांब्या

मी एक जुना, पितळी आणि सध्या चांगलाच रागावलेला फिरकीचा तांब्या आहे, मित्रांनो. झाकण फिरवून घट्ट बसवायचे, वरची कडी हातात धरायची आणि प्रवासाला निघायचे, यासाठीच माझा जन्म झाला. मुंबईतल्या तांबाकाट्यावरच्या दुकानातून मला कुशाबांनी घरी आणले. ते कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवत आणि बायको रखमाबाईंसह डिलाईल रोडच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत.

तेव्हा माझा काय थाट होता! गणपतीला मी एसटीने कोकणात जायचो. जेजुरी झाली, तुळजापूर झाले. चाळीत कुणीही गावाला निघाले की आधी मला मागायला येई. कुशाबांचे माझगावचे मित्र फेलिक्स मला वेलांकण्णीच्या मेरीमातेला घेऊन गेले आणि परत देताना रखमाबाईंसाठी माझ्या पोटात एक बारीकशी मेणबत्ती घालून गेले. एवढा मान कुठल्या भांड्याला मिळतो?

पुढे प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी फडताळात मागे सरकलो. कुशाबाही गेले. मी काळा पडलो, पण तक्रार केली नाही.

मग एके दिवशी जेवताना मुलगा हितेंद्र म्हणाला, "आई, या थंडीत तुला काशी घडवतो." रखमाबाईंनी दुसऱ्याच दिवशी मला खाली काढले आणि चिंच लावून असे घासले, की त्यांचा चेहरा माझ्यात दिसू लागला. गंगेचे पाणी माझ्यातूनच आणायचे ठरले. गुडघ्यांना सवय व्हावी म्हणून त्या रोज सकाळी चाळीचा जिना उतरून पुन्हा चढू लागल्या. हितेंद्र संध्याकाळी मोबाइल घेऊन शेजारी बसे आणि हॉटेलांच्या खोल्या दाखवी. ही खोली अंधारी, ती लांब, असे त्यांचे तासन्‌तास चाले. मी ओट्यावरून ऐकत असे आणि मनातल्या मनात कधीच गाडीत बसलेला असे.

एका संध्याकाळी हितेंद्र मित्राकडून डोळ्यांवर बांधायचा मोठा काळा चष्मा घेऊन आला. तो त्याने आईच्या डोळ्यांवर चढवला. रखमाबाई हरखून गेल्या. मान वळवून चष्म्यातल्या काशीचे घाट बघत होत्या, होड्या बघत होत्या. पाणी आले तसा त्यांनी हात पुढे केला आणि हात खुर्चीच्या दांड्याला लागला, तेव्हा स्वतःच हसल्या.

"पायऱ्या बऱ्याच आसत रे," त्या म्हणाल्या. "घाटाजवळचीच खोली घे."

गंगेची आरती झाली. चष्मा निघाला. डोळे चोळत त्यांनी विचारले, "मगे, गाडी कधीची?"

हितेंद्र चष्म्याची काच पुसत राहिला. "गाडी कशाला, आई? सगळं बघून झालं ना? गर्दी नाही, धक्काबुक्की नाही, गुडघ्यांचं टेन्शन नाही. आता रविवारी मावंदं घालू."

मित्रांनो, त्या बिचारीला वाटले होते, की मोबाइलवर खोल्या दाखवतो तशीच ही काशीही आधी दाखवतो आहे. तीच तिची यात्रा होती, हे तिला आता कळले. मला तर वाटले, आपल्याला कुणीतरी जिन्यावरून खाली ढकलून दिले.

यात्रेहून परतलेला माणूस घरी जेवण घालतो, त्याला मावंदे म्हणतात. रविवारी ते झाले. आईला काशी घडवली, असे हितेंद्रने चाळभर सांगितले होते. सून प्रितीने ऑनलाइन मागवलेली गंगाजळाची बाटली माझ्यात रिकामी केली, मला पाटावर बसवले, हळदकुंकू वाहिले. जन्मभर ज्या पाण्याची आस धरली, ते कुरियरने आले. लोक मला नमस्कार करत होते आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती.

शेजारची दर्शना रखमाबाईंच्या पाया पडायला वाकली. त्यांनी झटकन पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"नको गो. मी खंय गेलंय? पाया कसल्या पडतंस?"

"आई, चार लोकांत काय हे!" हितेंद्र दबक्या आवाजात म्हणाला. रखमाबाई उठल्या आणि पंक्तीला पुरी वाढू लागल्या. त्या स्वतः मात्र जेवल्या नाहीत.

परवा हितेंद्र आणि प्रिती मोबाइलवर मनालीची हॉटेले बघत होते. त्यांची लेक श्रेया म्हणाली, "पप्पा, आपण पण तो चष्माच लावूया ना!"

"वेडी आहेस का?" हितेंद्र हसला. "असं बघण्यात काय मजा? तिथं स्वतः जायला पाहिजे."

रखमाबाई दोन हातांच्या अंतरावर तांदूळ निवडत होत्या. त्यांचे बोट ताटात तसेच थांबले. हितेंद्रने मान वर करून पाहिलेही नाही.

मित्रांनो, मला माळ्यावर टाका, मोडीत घाला, मी काही म्हणणार नाही. पण घरातल्या म्हातारीला नेतो म्हटले असेल, तर न्या. जमणार नसेल तर तसे तोंडावर सांगा. ती भांडेल, रडेल, दोन दिवस अबोला धरेल. पण निदान शेजारणीसमोर तिला आपले पाय लपवावे लागणार नाहीत.